देशोदेशींचे गळे, एकच सम: ऑनलाइन शास्त्रीय संगीत प्रकल्पांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत बसून न्यू जर्सी, लंडन, सिडनी अशा ठिकाणच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना घेऊन एखादी बंदिश किंवा वाद्यवृंदाची रचना बसवू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. भर हिंदुस्तानी संगीतावर आहे. पाश्चात्य रचनांबाबत जिथे वेगळी काळजी घ्यावी लागते, तिथे तसं सांगितलं आहे.

झूमवर सगळ्यांनी एकदम गायलं तर चालणार नाही का?

नाही जमत, आणि चांगलं इंटरनेट घेऊनही जमत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका बाजूनेच ३६ मिलिसेकंद गेले. प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते, वाटेत राउटर लागतात, आवाज आकसून पाठवला जातो आणि पलीकडे पुन्हा उलगडला जातो. त्यामुळे आकडा दुपटी-तिपटीच्या पुढे जातो. एकत्र लय धरायची तर उशीर २५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत हवा. तेवढ्या वेळात आवाज हवेतून नऊ-दहा मीटर जातो, म्हणजे मोठ्या रंगमंचाच्या दोन टोकांना बसून वाजवण्याइतकं झालं. त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्याची मात्रा ऐकून मग आपली टाकतो आणि दोन-तीन आवर्तनांतच (तालाच्या फेऱ्यांत) लय मंदावत जाते. भरीला झूम जो मोठ्याने बोलतोय त्याचा आवाज पुढे करतं आणि बाकीच्यांचा दाबतं.

मग शेकडो लोक एकत्र गाताना दिसतात, ते व्हिडिओ कसे होतात?

थरावर थर रचून. प्रत्येक जण आपापल्या घरी, कानात तोच मार्गदर्शक ट्रॅक लावून एकटाच गातो आणि नंतर सगळं एकत्र जुळवलं जातं. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर यांच्या पहिल्या व्हर्च्युअल क्वायरमध्ये २०१० साली १२ देशांतले १८५ गायक होते. २०२० च्या सहाव्या क्वायरमध्ये १२९ देशांतून १७,५७२ जण आले. इतक्या लोकांपैकी कोणीही दुसऱ्याचा आवाज ऐकत गात नव्हतं. यूट्यूब सिंफनी ऑर्केस्ट्राची रीत वेगळी होती: निवड ऑनलाइन झाली, पण एप्रिल २००९ मध्ये सगळे न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलमध्ये प्रत्यक्ष जमूनच वाजले.

आपल्या संगीतात तर सगळी उपज, म्हणजे ऐनवेळी सुचलेलं गाणं. ती थरांत कशी बसवायची?

हा खरा प्रश्न, आणि इथेच बहुतेक प्रकल्प गडबडतात. क्वायरचा साचा जसाच्या तसा उचलला की चाळीस जण एकच आलाप पाठ करून म्हणतात आणि ऐकताना शाळेची प्रार्थना वाटते. आमचं मत स्पष्ट आहे: समूहाने फक्त बंदिश गावी, उपज एकेकट्याचीच असावी.

सोपी मांडणी अशी. मध्यलय तीनताल, मिनिटाला १२० मात्रा. सोळा मात्रांचं आवर्तन बरोबर आठ सेकंदांत होतं. स्थायी-अंतरा (बंदिशीचे दोन भाग) सगळ्यांनी गायचा. मग प्रत्येक एकल गायकाला चार आवर्तनं, म्हणजे ३२ सेकंद, आणि प्रत्येकाने मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. मुखडा पुन्हा सगळ्यांचा. एकल भाग साखळीने रेकॉर्ड करायचे: पहिल्याचं ऐकून दुसरा, दोघांचं ऐकून तिसरा. सगळ्यांनी एकाच वेळी पाठवायचं ठरवलं तर तिघे जण हमखास तीच सपाट तान घेऊन येतात. साखळीला वेळ लागतो, माणशी दोन-तीन दिवस धरा, पण एकाने टाकलेल्या जागेला दुसऱ्याने दिलेलं उत्तर फक्त याच पद्धतीने मिळतं.

तबला दोनदा घ्यावा लागतो. आधी साधा ठेका, फक्त मापासाठी. सगळे आवाज आल्यावर तबलजीने ते ऐकत पुन्हा वाजवायचं आणि पहिला ठेका काढून टाकायचा. ही दुसरी फेरी वाचवली की साथ मशीनसारखी वाटते, कारण मशीनसारखीच वाजलेली असते.

विलंबित ख्याल घेता येईल?

समूहात घेऊ नका. मिनिटाला १५ मात्रांच्या लयीत एकतालाचं एक आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. त्यात समेला येण्याचा अंदाज ज्याचा त्याचा असतो आणि असायलाही हवा. वीस जणांचे वीस अंदाज एकावर एक ठेवले की सम सापडतच नाही. हौस असेल तर विलंबित एकाच गायकाला द्या.

पट्टी कोणती ठेवायची? पुरुष आणि बायका दोन्ही आहेत.

पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीला सा धरायचा ती. पुरुष साधारण काळी एक-दोन, बायका पांढरी चार ते काळी पाच. सगळ्यांना सोयीची अशी पट्टी अस्तित्वात नाही. पांढरी चार घेतली तर पुरुषांना अंतरा ओढावा लागतो आणि बायकांना मंद्र सप्तक सापडत नाही. म्हणून त्या पट्टीत स्थायी पुरुषांकडे आणि अंतरा बायकांकडे द्यावा. बंदिशही मंद्रातल्या निषादापासून तार षड्जापर्यंत संपणारी निवडावी.

पट्टी ठरली की ‘ॲपवर काळी एक लावा’ एवढंच सांगून थांबू नका. तानपुऱ्याची फाइलच पाठवा. ४४० हर्ट्झच्या मापाने काळी एकचा खालचा सा १३८.५९ हर्ट्झ येतो. पण जुन्या पेट्या त्यापासून सरकलेल्या असतात आणि युरोपातले बरेच वाद्यवृंद ४४२ वर मिळवतात. ४४० आणि ४४२ मध्ये आठ सेंटचा फरक आहे (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). एकट्याच्या कानाला तो कळतही नाही, पण दहा आवाज एकत्र आले की सा लहरू लागतो.

रागानुसार तानपुरा पंचमाचा, मध्यमाचा की निषादाचा, हेही फाइल करतानाच ठरवा. मालकंसात पंचम नाही, त्याला पंचमाचा तानपुरा गेला तर सगळं रेकॉर्डिंग नव्याने करावं लागेल.

पियानो किंवा चेलो वाजवणारे परदेशी मित्र सामील होणार आहेत. काय बघायचं?

गांधार. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, पियानोचा ४०० वर. यमनमध्ये गायकाने गांधारावर न्यास केला (तिथे थांबला) आणि पियानोने तोच स्वर धरला की दोघेही बेसूर वाटतात. चेलो, व्हायोलिनवाले ऐकून बोट सरकवतात, पियानोला तो मार्ग नाही. म्हणून पियानोला षड्ज-पंचम आणि खालचे स्वर द्या, लांब गांधार देऊ नका. पेटीलाही हेच लागू आहे, फक्त आपल्या कानाला तिची सवय झालेली आहे.

त्यांना भातखंडे लिपी (आपली सा-रे-गची स्वरलिपी) पाठवून उपयोग नाही. म्यूझस्कोअर या सॉफ्टवेअरमध्ये स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलेखन) करून द्या आणि सम कुठली ते प्रत्येक ओळीत खूण करून दाखवा. रूपक तालाची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी, असते हे एका ओळीत लिहा, नाहीतर ते पहिल्या मात्रेवर जोर देऊन वाजवतील.

मार्गदर्शक ट्रॅकमध्ये नेमकं काय असावं?

सुरुवातीला दहा सेकंद नुसता तानपुरा, कान लागण्यासाठी. मग ठेक्याचं एक पूर्ण आवर्तन आणि त्यानंतरच्या समेवर टाळीसाठी मोकळी जागा. प्रत्येकाने तिथे कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, नंतरच्या जुळवणीसाठी. पुढे आणखी एक आवर्तन सोडून मुखडा. शेवटच्या तिहाईनंतर (तीनदा घेऊन समेवर येणाऱ्या तुकड्यानंतर) पाच सेकंद कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइलला हात लावायचा नाही.

ट्रॅकचे दोन अवतार करा: एक शिकण्यासाठी, गायकाच्या आवाजासकट, दुसरा रेकॉर्डिंगसाठी, फक्त तानपुरा आणि ठेका. पहिल्यावरच रेकॉर्ड केलं तर लोक नकळत मार्गदर्शक गायकाचा आवाज आणि त्याच्या खोडीही उचलतात.

घरी रेकॉर्डिंग करायचं, पण मुंबईत शांतता कुठून आणायची?

पूर्ण शांतता मिळत नाही, पण पुरेशी मिळते. रात्री साडेअकरानंतर किंवा पहाटे साडेपाचच्या आधीची वेळ धरा. पंखा, एसी, फ्रिज बंद. (फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण दारावर चिकटवा.) रस्त्याकडची खोली टाळा. कपड्यांचं उघडं कपाट पाठीशी आणि खाली गादी किंवा सतरंजी असेल तर खोली घुमत नाही. स्वच्छतागृहात आवाज छान घुमतो म्हणून तिथे गाणारे असतात. तो घुमारा नंतर काढता येत नाही.

दोन उपकरणं लागतात: एकावर ट्रॅक ऐकायचा, दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचं. रेकॉर्ड करणारा फोन तोंडापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चे फुंकर-धक्के माइकवर आदळत नाहीत. फ्लाइट मोड लावा. ऐन अंतऱ्यात कुरिअरवाल्याचा फोन येतोच. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या जागी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. फोनमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय असेल तर बंद करा, नाहीतर हळुवार मींड (स्वरावरून स्वरावर सरकणं) मोठी होते आणि तार षड्ज दबतो.

लॅपटॉप चार्जरला लावून रेकॉर्ड केलं की कधी कधी घूं असा आवाज येतो. तो विजेचा, आपल्याकडे ५० हर्ट्झचा, अमेरिकेत ६० चा. चार्जर काढून बॅटरीवर करा.

कुकरची शिट्टी किंवा लोकलचा भोंगा आलाच तर तेवढं आवर्तन पुन्हा गा. आवाज साफ करणारी ॲप वापरू नका. ती तानपुऱ्याला गोंगाट समजतात आणि सुराचं शेपूट खातात. कच्ची फाइलच पाठवा.

ब्लूटूथ इअरफोन चालतील?

नाही. ते आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा ऐकवतात, म्हणजे १२० च्या लयीत तीन ते चार दशांश मात्रा मागे. तारेचे घ्या आणि एक कान मोकळा ठेवा, म्हणजे स्वतःचा सूर ऐकू येतो.

पावसाळ्यात तबला उतरतो. रेकॉर्डिंग पुढे ढकलायचं का?

ढकलायची गरज नाही, पण सवड ठेवा. चामडं हवेतला ओलावा शोषतं, पुडी सैल पडते आणि सूर खाली येतो. एसीत उलट होतं, चामडं सुकतं आणि तबला चढतो. दादरच्या दमट घरातून आणलेला तबला थंड खोलीत मिळवला आणि लगेच वाजवायला घेतला, तर दहा मिनिटांत तो वर गेलेला असतो. म्हणून जोडी ज्या खोलीत वाजणार तिथे तासभर आधी झाकण काढून ठेवा, मग गट्टे आणि गजरा ठोकून मिळवा, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर तानपुऱ्याशी ताडून पाहा. पंधरा-वीस सेंटचा फरक संगणकावर सरकवता येतो. जास्त सरकवला तर बायाची घुमक पोकळ होते. तानपुऱ्याच्या आणि सतारीच्या तारा जुलैत गंजतात. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बदलू नका, नवी तार दोन दिवस उतरतच राहते.

फाइल कशी पाठवायची?

ऑडिओ वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होतात. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून; व्हिडिओ म्हणून पाठवली की दर्जा चेंगरतो. व्हिडिओचं गणित आधी करा: फोनचा १०८० पिक्सेलचा व्हिडिओ मिनिटाला १३० एमबीपर्यंत जातो. पाच मिनिटांचे तीस जणांचे व्हिडिओ म्हणजे साडेएकोणीस जीबी, आणि गूगल ड्राइव्हवर फुकट जागा पंधरा.

४४.१ आणि ४८ यांची गल्लत फार होते. ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजवली तर लय पावणेनऊ टक्क्यांनी वाढते आणि काळी एकचा सा पांढरी दोन व काळी दोनच्या मध्ये जाऊन बसतो. गायकाला बेसूर ठरवण्याआधी हे तपासा.

जुळवणी करताना काय बिघडतं?

टाळी जुळली, तरी सातव्या मिनिटाला माणूस मागे पडलेला दिसतो. कारण बहुतेक वेळा गायक नसतो. प्रत्येक उपकरणाचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला तरी दहा मिनिटांत ३० मिलिसेकंद होतात. म्हणून शेवटच्या तिहाईची सम दुसरी खूण धरा आणि मधलं हलकेच ताणून घ्या. व्हिडिओ सरकत असेल तर फोनने फ्रेमचा वेग कमी-जास्त ठेवलेला असतो. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये तो स्थिर करून मगच संपादनाला घ्या. तीस जणांच्या चौकटी साध्या लॅपटॉपला झेपत नाहीत, आधी लहान आकाराच्या प्रती करून त्यांवर काम करा.

प्रत्येक अक्षर घासून जुळवू नका. २० मिलिसेकंदांचा पुढे-मागेपणा आवाजांना भरीवपणा देतो. फक्त ‘स’, ‘श’, ‘त’ यांकडे लक्ष द्या. ‘सजन’चा ‘स’ वीस जणांनी वीस क्षणी म्हटला की वाळू ओतल्यासारखं ऐकू येतं. अशा जागी दोघा-तिघांचाच ‘स’ ठेवा, बाकीच्यांचा आवाज पुढच्या स्वरापासून उघडा.

बैठकीसाठी वेळ कोणती धरावी?

एक वेळ सगळ्यांना मिळत नाही, दोन गट करा. मुंबईत संध्याकाळी साडेसात म्हणजे हिवाळ्यात लंडनला दुपारचे दोन, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ. पण सिडनीत रात्रीचा एक. मुंबईत सकाळी सात म्हणजे सिडनीत दुपारचे साडेबारा, कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच. तेव्हा युरोप झोपलेला.

मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सावध राहा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. परत येतानाही युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. त्या मधल्या आठवड्यांत हमखास कोणीतरी तासभर आधी येऊन बसतं. निमंत्रणात नेहमी ‘भारतीय वेळ’ लिहा.

न्यू जर्सीत सकाळ, इथे संध्याकाळ. राग कोणत्या वेळचा?

रेकॉर्ड करून जोडायचं असेल तर ज्याने त्याने आपापल्या वेळी गावं. यमन तिथल्या संध्याकाळीही गाता येतो. थेट बैठकीत श्रोते जिथे जास्त तिथली वेळ धरावी.

पुण्याच्या तबलजीबरोबर तरी थेट वाजवता येईल का?

हो, पण झूमवर नाही. जॅम्युलस, सोनोबस किंवा जॅकट्रिप ही कमी उशिराने आवाज पाठवणारी सॉफ्टवेअर वापरा. दोन्हीकडे वाय-फाय नको, राउटरपासून केबल, ऑडिओ इंटरफेस, बफर (आवाज तात्पुरता साठवायचा तुकडा) १२८ सॅम्पल, जे ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद होतात. अंतर कमी असल्याने मध्यलय आरामात निभते. द्रुत लयीतला ‘झाला’ (वादनातला शेवटचा वेगवान भाग) मात्र थेट ठेवू नका. आणि कंपनीनुसार तुमचा डेटा पुण्याला जाताना दुसऱ्याच शहराचा फेरा मारू शकतो, म्हणून आधी उशीर मोजून पाहा.

ऑनलाइन तालमीत गुरुजींना तानपुरा ऐकूच जात नाही.

झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा आणि त्यातली इको कॅन्सलेशन बंद ठेवा. मग इअरफोन लावणं सक्तीचं. तानपुरा शिष्याच्या बाजूला वाजू द्या, म्हणजे गुरुजींना दोन्ही एकत्र आणि जुळून ऐकू येतात. तालही शिष्यानेच हातावर धरायचा. गुरुजींनी इकडून दिलेला ताल तिकडे उशिराच पोहोचणार.

हक्कांचं काय? जुनी बंदिश आहे, युरोपियन रचनाही आहे.

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, युरोपात ७०. हंगेरियन संगीतकार बार्टोक १९४५ मध्ये वारले: भारतात रचना २००६ पासून मोकळ्या, युरोपात २०१६ पासून. रशियन संगीतकार शोस्ताकोविच १९७५ मध्ये वारले, म्हणजे भारतातही २०३५ संपेपर्यंत थांबा. अमेरिकेत जुन्या प्रकाशित रचनांना प्रकाशनापासून ९५ वर्षांचा हिशेब लागतो. २००६ साली सुरू झालेल्या आयएमएसएलपी या ऑनलाइन नोटेशन-संग्रहावर मोकळी झालेली नोटेशन मिळतात, पण तिथलं प्रत्येक पान प्रत्येक देशात मोकळं नसतं. पानावरची खूण वाचा.

भातखंडे १९३६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या क्रमिक पुस्तकांतल्या बंदिशी वापरायला हरकत नाही. पण एखाद्या बुवांची गेल्या पिढीतली बंदिश असेल तर वारसांची लेखी परवानगी घ्या आणि नाव द्या. कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क वेगळा, भारतात ५० वर्षांचा. म्हणून प्रत्येक सहभागीकडून एक पानी संमती: कुठे दाखवणार, किती काळ, पैसे आले तर वाटणी कशी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ती पालकांची.

स्वतः वाजवलेल्या बाखवरही यूट्यूबचा आपोआप दावा येऊ शकतो. घाबरू नका, हरकत नोंदवा. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. तयार तानपुरा-लूप वापरला असेल तर त्याची परवाना-पावती जपून ठेवा.

परदेशातल्या सहभागींनी देणगी द्यायची म्हटलं तर?

परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. ओसीआय कार्ड असलं तरी तो माणूस परदेशी नागरिकच. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलं तर ते यात येत नाही. पहिला रुपया घेण्याआधी सीएला विचारा.

एखाद्याचा सूर लागलेलाच नसेल तर काय करायचं?

आधी वर सांगितलेली कारणं तपासा: फाइलचा वेग, ब्लूटूथ, दुसराच तानपुरा. तरीही नसेल, तर नेमकी जागा सांगून एकदा परत मागवा: ‘अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत निषाद उतरतोय, तेवढंच पुन्हा द्याल का?’ यंत्राने सूर दुरुस्त करू नका. मींड पायऱ्यांसारखी तुटते. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर समूहात आवाज मागे ठेवा, चौकट मात्र काढू नका. एकल भाग असेल तर तो घेणार नाही हे व्हिडिओ प्रकाशित होण्याआधी फोन करून सांगा, मेसेजवर नको.